जिन्यावर लॅमिनेट फ्लोअरिंग बसवताना: आधी उंचीचा हिशेब, मग चिकटवणी

खोलीत लॅमिनेट फ्लोअरिंग बसवणे आणि जिन्यावर बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत. खोलीत फळ्या फोमच्या थरावर मोकळ्या पसरलेल्या असतात, हवेतील दमटपणाप्रमाणे त्या किंचित फुगतात आणि आक्रसतात, आणि भिंतीकडेने त्यासाठी सोडलेली फट स्कर्टिंगखाली झाकून जाते. जिन्यावर मात्र उतरणाऱ्या माणसाचा सगळा भार पायरीच्या पुढच्या दोन-तीन बोटे रुंद कडेवर येतो, आणि तिथे फळी सूतभर जरी हलली तरी पाय निसटतो. म्हणून खोलीतील फ्लोअरिंग उत्तम बसवणारा कारागीरही जिन्यावर चुकतो. तो सवयीने फोम अंथरतो, सवयीने फट सोडतो आणि पायऱ्यांची उंची मोजत नाही.

येथे गृहीत धरलेला जिना रो-हाऊस किंवा डुप्लेक्समधला, घरातला, आरसीसीचा आहे, आणि त्यावर कोटा, संगमरवर किंवा टाइल बसवलेली आहे. लॅमिनेट म्हणजे येथे फर्निचरवर चिकटवतात तो सनमायकाचा पातळ पत्रा नव्हे. ८ ते १२ मि.मी. जाडीच्या, घट्ट दाबलेल्या लाकडी भुशाचा गाभा असलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या अभिप्रेत आहेत. पायरीच्या आडव्या भागाला ट्रेड आणि उभ्या भागाला रायझर हे कारागिरांच्या तोंडचे शब्दच पुढे वापरले आहेत.

## १. हा जिना या कामाला योग्य आहे का?

या फळीचा शत्रू पाणी आहे. गाभ्यात ओल शिरली की कडा फुगतात आणि वाळल्यावरही त्या पूर्ववत होत नाहीत. आपल्याकडे जिन्याखालच्या जागेत बाथरूम, पाण्याचा पंप किंवा टाकीचे नळ असणे नेहमीचेच आहे, त्यामुळे तपासणी पायरीच्या वरून नव्हे तर खालून सुरू करावी. जिन्याच्या खालच्या बाजूला प्लास्टर फुगले असेल, मिठासारखा पांढरा खार फुटला असेल किंवा रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर आधी गळतीचा बंदोबस्त करावा लागेल.

त्यानंतर सर्वांत खालच्या पायरीवर, मधल्या चौकात (जिना वळतो तिथल्या सपाट जागेवर) आणि गच्चीच्या दाराजवळच्या पायरीवर साधारण ४५ सें.मी. लांबीचा, पायरीच्या रुंदीत मावेल एवढा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून पूर्ण एक दिवस ठेवावा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा दगड काळपट झाला असेल, तर काम पुढे ढकलावे. ही चाचणी एप्रिलमध्ये घेऊन समाधान मानणे धोक्याचे आहे. कोकण, मुंबई आणि गोव्यात तर ती भर पावसाळ्यातच घ्यावी आणि काम दिवाळीनंतर काढावे.

वाळवीच्या मातीच्या रेघा भिंतीकडेला दिसत असतील तर आधी वाळवीप्रतिबंधक उपचार करून घ्यावेत, कारण फळीचा गाभा लाकडाचाच आहे. गच्चीवर जाणाऱ्या जिन्यात जिथपर्यंत पावसाचे झोत येतात तिथपर्यंत दगड किंवा टाइलच राहू द्यावी. घराबाहेरच्या जिन्यावर लॅमिनेट बसवूच नये.

## २. उंचीचा हिशेब

सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्या काम पूर्ण झाल्यावरच कळतात.

समजा, जिन्याला १६ रायझर आहेत आणि प्रत्येकाची उंची १७५ मि.मी. आहे, म्हणजे एका मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत एकूण २८०० मि.मी. चढ आहे. ८ मि.मी. जाडीची फळी, म्हणजे सुताराच्या भाषेत अडीच सूत, आणि तिच्याखाली अ‍ॅडहेसिव्हचा सुमारे २ मि.मी. थर धरला, तर प्रत्येक ट्रेड १० मि.मी. वर येतो. मधल्या पायऱ्यांत फरक पडत नाही, कारण खालचा आणि वरचा ट्रेड सारखाच वर आलेला असतो. परंतु तळमजल्याची फरशी होती तिथेच असल्यामुळे पहिला रायझर १८५ मि.मी. होतो, आणि वरच्या मजल्याची फरशीही जागेवरच असल्यामुळे शेवटचा रायझर १६५ मि.मी. राहतो. एकाच जिन्यात २० मि.मी.चा फरक पडला!

चढताना दोन-तीन पायऱ्यांतच पायाला उंचीचा अंदाज बसतो आणि त्यानंतर कोणी पायरीकडे बघत नाही. आमच्या घरी पहिल्यांदा हे काम झाले तेव्हा हा हिशेब कोणीच केला नव्हता. पुढे कित्येक दिवस आई शेवटच्या पायरीवर पाय जोरात आपटायची, कारण तिचा पाय जुन्या उंचीपर्यंत उचलला जायचा आणि फरशी अपेक्षेपेक्षा खाली लागायची. एकदा तिच्या हातातून पाण्याचा तांब्या सुटला, तेव्हा कुठे आम्ही मोजपट्टी लावली.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरगुती जिन्याचा रायझर १९० मि.मी.पेक्षा उंच नसावा आणि ट्रेड २५० मि.मी.पेक्षा अरुंद नसावा. अमेरिकेच्या निवासी संहितेत एकाच जिन्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या रायझरमध्ये ९.५ मि.मी.हून अधिक फरक चालत नाही. माझ्या मते घरात लहान मुले किंवा वयस्कर माणसे असतील तर ५ मि.मी.च्या आतच थांबावे.

उपाय तुमच्या दोन्ही मजल्यांच्या फरशीवर अवलंबून आहे.

दोन्ही मजल्यांवरही ८ मि.मी. लॅमिनेट २ मि.मी. फोमवर येणार असेल, तर सगळेच १० मि.मी. वर जाते आणि हिशेब आपोआप जुळतो. फक्त वरच्या मजल्यावर येणार असेल, तर शेवटचा रायझर सुधारतो, पण पहिला १८५ मि.मी.चाच राहतो. कोणत्याच मजल्यावर येणार नसेल, तर ट्रेडवरचा जुना दगड काढून, खाली सिमेंटचा थर नव्याने समतल करून, फळी बसल्यावर पायरीची पातळी पूर्वीइतकीच येईल असे करणे हा एकच सरळ मार्ग आहे. पायऱ्यांवर कमी-जास्त पॅकिंग घालून फरक वाटून देऊ, असे काही जण सुचवतात. पॅकिंगने पायरी फक्त वर जाते, खाली येत नाही, त्यामुळे शेवटचा रायझर आणखीच बुटका होतो.

तपासणी: प्रत्येक रायझरची आजची उंची आणि काम झाल्यावरची उंची अशा दोन रकाने असलेल्या यादीत १ ते १६ क्रमांक लिहून काढा. दुसऱ्या रकान्यात ५ मि.मी.हून अधिक तफावत दिसत असेल तर फळ्या विकत घेऊ नका.

## ३. सामान चौरस फुटांत नव्हे, फळ्यांत मोजावे

दुकानात चौरस फूट विचारतात आणि आपणही तेच सांगतो. वरच्याच जिन्याची रुंदी १ मीटर आणि ट्रेड २५० मि.मी. धरला, आणि त्यातील ५० मि.मी. नोजिंगने, म्हणजे पायरीच्या पुढच्या कडेवर बसणाऱ्या पट्टीने, झाकले जाणार असेल, तर १५ ट्रेड आणि १६ रायझर मिळून क्षेत्रफळ जेमतेम ६२ चौरस फूट भरते. आता प्रत्यक्ष पाहा. फळी १२१५ मि.मी. लांब आणि १९२ मि.मी. रुंद आहे. रायझरला एक फळी लागते. ट्रेडवर नोजिंगमागे २०० मि.मी. जागा उरते, म्हणजे एका फळीला ८ मि.मी. कमी पडतात आणि दुसरी फळी घ्यावीच लागते. प्रत्येक फळीचा २१५ मि.मी. तुकडा लांबीतून वाया जातो. एकूण ३० आणि १६ मिळून ४६ फळ्या, आणि मोडतोडीसाठी १० टक्के जास्त धरल्या तर ५१. त्यांचे क्षेत्रफळ सुमारे १२८ चौरस फूट होते, म्हणजे दुपटीहूनही अधिक. अर्धे काम झाल्यावर पुन्हा दुकानात गेलात तर त्याच छटेचा माल मिळेलच असे नाही.

नोजिंग १६ लागतील, कारण वरच्या मजल्याच्या कडेलाही एक येते. ती फळीच्या पातळीत बसणारी असावी. फळीवर चढून बसणारी, उंचवटा असलेली नोजिंग खोलीच्या उंबऱ्याला ठीक असते. पायरीच्या कडेवर ती पायाला अडते. पकड देणाऱ्या रेघा असलेली अ‍ॅल्युमिनियमची नोजिंग दिसायला थोडी रूक्ष वाटते, पण मोज्यांनी उतरणाऱ्या मुलांसाठी मी तीच निवडेन.

अ‍ॅडहेसिव्ह पॉलीयुरेथेनचे, गनमधून काढायचे कन्स्ट्रक्शन अ‍ॅडहेसिव्ह असावे. सुतार फर्निचरला वापरतात तो पांढरा गोंद येथे उपयोगाचा नाही. तो आतले पाणी बाहेर गेल्यावर घट्ट होतो, आणि खाली पॉलिश केलेला दगड व वर फळीच्या पाठीचा गुळगुळीत थर असल्यामुळे पाण्याला जायला वाट मिळत नाही. वरून सुकल्यासारखी वाटणारी फळी आतून कित्येक दिवस ओलीच राहते. फळ्यांच्या सांध्यांत मात्र पाण्याला दाद न देणारा, डी३ प्रतीचा लाकडाचा गोंद वापरावा.

सूचना: फळ्यांचे बॉक्स न उघडता, आडवे, त्याच घरात ४८ तास ठेवावेत. ते भिंतीला टेकवून उभे ठेवल्यास फळ्यांना बाक येतो.

## ४. पायरीची तयारी

१. लाकडी ठोकळ्याने प्रत्येक दगड सर्व बाजूंनी ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला तर तो दगड काढून पुन्हा बसवावा. सैल दगडावर चिकटवलेली फळी दगडासकट हलते.

२. आपल्याकडे कोट्याच्या पायरीची कड गोलाकार घासून रायझरच्या २० ते २५ मि.मी. पुढे काढलेली असते. हा पुढे आलेला भाग ग्राइंडरने रायझरच्या रेषेत कापावा, म्हणजे नोजिंगला काटकोनी कड मिळते. कापण्याऐवजी रायझरवर प्लायवुडचे पॅकिंग देऊन तो पुढे आणता येतो, परंतु त्यामुळे पाऊल टेकवायची जागा तेवढीच कमी होते. २५० मि.मी.च्या ट्रेडवर ते करू नये.

३. पॉलिश केलेला पृष्ठभाग ग्राइंडरवर खरखरीत डिस्क लावून घासावा, चकाकी पूर्ण जाऊन बोटाला खरबरीत लागेपर्यंत.

४. ट्रेडवर पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवून पाहावी. २ मि.मी.हून खोल खड्डे भरण्याचा मसाला लावून भरावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. अ‍ॅडहेसिव्हचा जाड थर देऊन खड्डा भरून काढणे चुकीचे आहे.

५. धूळ आधी व्हॅक्यूमने आणि नंतर किंचित ओलसर फडक्याने काढावी. फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहावे.

सावधान: दगड आणि काँक्रीट कापताना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसांना अपाय करते. एन९५ मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये. खोल्यांच्या दारांवर प्लास्टिक लावावे, आणि पाणी मारत कापल्यास पायरी पूर्ण वाळल्याखेरीज पुढे जाऊ नये.

परदेशात राहणाऱ्यांच्या घरी कार्पेटखाली लाकडी जिना असतो. तिथे कार्पेटचे सगळे खिळे आणि पिना उपटाव्यात, करकरणाऱ्या पायऱ्यांना स्क्रू मारून त्या घट्ट कराव्यात आणि पुढची गोल कड करवतीने सरळ कापावी. बाकी क्रम हाच आहे.

## ५. मापे आणि कोरडी जुळणी

एका पायरीचे माप घेऊन सोळा तुकडे कापणे ही दुसरी मोठी चूक. भिंतीचे प्लास्टर कधीच एका ओळंब्यात नसते. एकाच ट्रेडची रुंदी मागे रायझरपाशी १००२ मि.मी. आणि पुढे कडेपाशी ९९६ मि.मी. भरणे अगदी सामान्य आहे. गुण्या लावून काटकोनात कापलेली फळी तिथे पुढे अडकेल किंवा मागे ६ मि.मी. फट सोडेल.

त्यासाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा करावा. पायरीपेक्षा लांबीला थोडे कमी असे दोन पुठ्ठे एकावर एक ठेवून, एक डाव्या भिंतीला आणि दुसरा उजव्या भिंतीला कडेने पूर्ण टेकेपर्यंत सरकवावा, गरज असल्यास कड कात्रीने भिंतीप्रमाणे छाटावी, आणि दोन्ही पुठ्ठे चिकटपट्टीने जोडून टाकावेत. साच्यावर पायरीचा क्रमांक आणि पुढची बाजू लिहावी. हाच क्रमांक फळीच्या पाठीवर लिहावा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना १ ते २ मि.मी. फट पुरे, खोलीतल्यासारखी ८-१० मि.मी. येथे नको, कारण फळी पूर्ण चिकटलेली राहणार आहे आणि ती फट झाकायला स्कर्टिंगही नाही.

ट्रेडच्या दोन फळ्यांपैकी कोणतीही पट्टी ५० मि.मी.पेक्षा अरुंद ठेवू नये. वरच्या उदाहरणात १९२ आणि ८ असे न कापता पुढची १३० आणि मागची ७० मि.मी. ठेवावी, म्हणजे सांधा पावलाच्या भाराखाली येत नाही. दोन्हींमधला क्लिकचा सांधा शाबूत राहील अशा बाजूने कापावे, आणि सांधा गोंद लावून आधीच जुळवून ठेवावा.

कठड्याचे गज पायरीत रोवलेले असतील तर शक्यतो कठडा काढून घ्यावा. ते शक्य नसल्यास गजाभोवती २ मि.मी. मोकळीक ठेवून खाच कापावी आणि वर स्टीलची चकती बसवावी. जिन्याची एक बाजू उघडी असेल तर फळीचा उघडा गाभा अ‍ॅल्युमिनियमच्या कोन-पट्टीने झाकणे आवश्यक आहे.

कापताना हातकरवतीने फळीची चांगली बाजू वर, आणि जिगसॉ किंवा सर्क्युलर सॉने चांगली बाजू खाली ठेवावी, कारण या यंत्रांचे दाते खालून वर कापतात आणि वरचा थर उडवतात. रेषेवर कागदी चिकटपट्टी लावल्यास कपच्या आणखी कमी उडतात.

तपासणी: निदान तीन पायऱ्यांचे रायझर, ट्रेड आणि नोजिंग अ‍ॅडहेसिव्ह न लावता जागेवर मांडून पाहा, पुढच्या रायझरची उंची मोजा आणि ती यादीतील दुसऱ्या रकान्याशी ताडून पाहा.

## ६. चिकटवण्याचा क्रम: वरून खाली

खालून सुरुवात केल्यास ताज्या चिकटवलेल्या पायऱ्यांवर उभे राहून वरचे काम करावे लागते. वरून खाली आल्यास आपण नेहमी कोऱ्या दगडावर उभे असतो. त्या रात्री घरातल्या सर्वांनी कोणत्या मजल्यावर राहायचे, औषधे आणि पाणी कुठे ठेवायचे, हे आधी ठरवावे.

१. सर्वांत वरचा रायझर चिकटवावा. त्याची वरची कड दगडाच्या पातळीपेक्षा तसूभरही वर येऊ देऊ नये, नाहीतर नोजिंग त्यावर डुलते.

२. वरच्या मजल्याच्या कडेची नोजिंग बसवावी. तिच्या मागे फोमवरची फ्लोअरिंग येणार असेल, तर नोजिंगखाली फोमच्याच जाडीचे, पण कडक पॅकिंग द्यावे. फोम नोजिंगखाली कधीही जाऊ देऊ नये.

३. त्याखालचा रायझर चिकटवावा.

४. आता या दोन रायझरमधला ट्रेड घ्यावा. अ‍ॅडहेसिव्हच्या नागमोडी रेघा साधारण ५० मि.मी. अंतराने आणि कडेपासून २० मि.मी. आत काढाव्यात. फळी मागे वरच्या रायझरला भिडवून खाली दाबावी, मग नोजिंग बसवून ठोकळा आणि रबरी हातोडीने हलके ठोकावे.

५. याच क्रमाने, खालचा रायझर आणि मग त्यावरचा ट्रेड, असे तळापर्यंत यावे. मधला चौकही फोमशिवाय पूर्ण चिकटवावा.

एका वेळी एकाच पायरीपुरते अ‍ॅडहेसिव्ह काढावे. वर आलेले अ‍ॅडहेसिव्ह ओले असतानाच, डब्यावर सांगितलेल्या द्रावणाने पुसावे. वाळल्यावर ते खरवडताना फळीवर ओरखडे उठतात. प्रत्येक ट्रेडवर गहू-तांदळाची पाच-दहा किलोची पिशवी ठेवावी, आणि ती पुढच्या कडेवर नव्हे तर मधोमध असावी.

## ७. नोजिंगची पकड

नोजिंग केवळ चिकटवून सोडू नये. दर २० सें.मी.वर प्लग आणि स्क्रू द्यावा, पहिला आणि शेवटचा टोकापासून ५ सें.मी.वर. छिद्र पायरीच्या कडेपासून निदान ४० मि.मी. मागे असावे. अनेक घरांत तिरक्या स्लॅबवर विटा रचून पायऱ्या केलेल्या असतात. ड्रिलमधून लाल भुकटी येऊ लागली की ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) बंद करून हळू भोक पाडावे, अन्यथा कडेची वीट फुटते आणि त्यानंतर कोणताही स्क्रू धरत नाही. लाकडी नोजिंगच्या स्क्रूची डोकी आत बुडवून त्याच छटेच्या फिलरने भरावीत.

तपासणी: २४ तासांनंतर, त्याआधी नाही, प्रत्येक नोजिंगच्या डाव्या टोकावर, मध्यावर आणि उजव्या टोकावर टाच टेकवून भार द्यावा. बारीकसा ‘टक’ आवाज आला तर खाली पोकळी आहे. ती नोजिंग काढून पुन्हा बसवावी. वरून आणखी एक स्क्रू मारल्याने आवाज काही दिवस थांबतो, पोकळी तशीच राहते.

## ८. कडा बंद करणे आणि वापर

भिंतीकडेची फट आणि ट्रेड-रायझरचा कोपरा जुळत्या रंगाच्या सिलिकॉनने बारीक रेघ ओढून बंद करावा. हे सोडले तर पहिल्याच आठवड्यात फरशी पुसण्याचे पाणी गाभ्यात शिरते. घरकामाला येणाऱ्या ताईंना स्वतः एकदा दाखवून द्यावे: बादलीतला ओला पोछा जिन्यावर फिरवायचा नाही, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करायचे, आणि चकाकी आणणारे पॉलिश किंवा मेण अजिबात लावायचे नाही.

उरलेल्या चार-पाच फळ्या आणि नोजिंगचा एक तुकडा माळ्यावर आडवा ठेवून द्यावा. यादीचा कागदही त्यांच्याबरोबरच ठेवावा, म्हणजे पुढे खालच्या किंवा वरच्या खोलीची फरशी बदलायची झाली तर पहिला आणि शेवटचा रायझर किती मि.मी.चा आहे हे पुन्हा मोजत बसावे लागणार नाही.